आगाऊ घेतलेले अंगठे

एका बाईचे नऊ आठवड्यांचे अंगठे मी एकाच दिवशी घेतले, आणि ते नऊही आठवडे तिच्या घरी गेलो नाही.

एवढंच करून थांबलो असतो तर आळशी म्हणून सुटलो असतो. पण मला लिहायची हौस होती.

दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली असतील. जालना तेव्हा जिल्हा व्हायचा होता, आमचा सगळा मुलूख औरंगाबादेत मोडायचा. मी अंबडचा. मॅट्रिकला दोनदा बसून एकदा पास झालेला, आणि पुढं काय, ह्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर देत वर्षभर घरात बसलेला. वडील कोर्टात कारकून. कागद पुरा असला की काम पुरं झालं, असा आमच्या घरचा रिवाज. वडिलांच्या बाबतीत कागदामागं खरोखरच काम असायचं. मी त्यातला कागद तेवढा उचलला.

वडिलांच्या ओळखीनं मी जाफराबादकडच्या एका संस्थेत चिकटलो. गावातल्या पोरांना बालवाडी होती, शाळा होती. पण गावापासून दोन-तीन मैलांवर शेतातच राहणारी कुटुंबं होती, आखाड्यावर. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. तिथं एक सालगडी, त्याची बायको, दोन बैल, एक कडुनिंब, आणि चार-पाच वर्षांचं एखादं पोर. आठ-आठ दिवस त्या पोराच्या नजरेला तिसरं माणूस पडत नसे. अशी पोरं सहाव्या वर्षी शाळेत गेली की कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसायची आणि दिवाळीच्या आत परत आखाड्यावर यायची, ती कायमची. म्हणून शाळेच्या आधीच त्यांच्या घरी जायचं, असं संस्थेनं ठरवलं होतं. आठवड्यातून एकदा, तासभर. पोराशी बोलायचं, त्याला बोलतं करायचं, गाणं म्हणायचं, चित्रं दाखवायची, ज्वारीच्या दाण्यांनी जमिनीवर अक्षर मांडून त्यावरून त्याचं बोट फिरवायचं. आणि मुख्य म्हणजे आईला शेजारी बसवायचं, म्हणजे उरलेले सहा दिवस ती तेच करील. पोराबरोबर तिलाही चार अक्षरं आली तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

हे सगळं बसवलं होतं मोठ्या बाईंनी. औरंगाबादला मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर घरी बसायचं सोडून इकडं आल्या. अंगानं भरलेल्या, हातात पुरुषी काळी छत्री, आणि समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की चष्मा काढून पुसायची सवय. माझ्या आधी एक कार्यकर्ता भेटींच्या नावाखाली बहिणीच्या सासरी जाऊन राहायचा म्हणे. तेव्हापासून बाईंनी नियम केला की भेटवहीत दर भेटीला घरच्या बाईचा अंगठा घ्यायचा. तारीख, अंगठा, शेरा. अंगठा नाही तर भेट नाही. नियम बिनचूक होता. फक्त तो करताना त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं.

माझ्याकडं बारा घरं होती. त्यातली अकरा रस्त्याच्या बाजूला, सायकल जाईल अशी. बारावा आखाडा ओढ्यापलीकडं. फाट्यावर सायकल लावायची आणि अडीच मैल काळ्या मातीतून चालायचं. पावसाळ्यात ती माती चपलेला अशी धरते की दहा पावलांवर माणूस वीतभर उंच होतो आणि विसाव्या पावलावर चप्पल तिथंच ठेवून पुढं जातो.

त्या घरातला सालगडी मला कधी नीट दिसलाच नाही. लांब शेतात त्याची पाठ दिसायची. त्याची बायको पंचविशीची असेल. बोलणं कमी, पण बघणं फार. पोरगी पाचेक वर्षांची. पहिल्या भेटीत ती कणगीमागं जाऊन उभी राहिली आणि तासभर मला एका डोळ्यानं पाहत राहिली. तेव्हा मी आईलाच दाण्यांवरून बोट फिरवायला लावलं. आई शिकतेय म्हटल्यावर पोरगी हळूहळू सरकत आली आणि आईच्या बोटावर बोट ठेवून बसली. त्या दिवशी दोन अक्षरं झाली, क आणि म. दुसऱ्या सोमवारी र, ल, ब. चित्रांचे पत्ते आणि एक पाटी मी त्यांच्याकडंच ठेवली. आईनं विचारलं, बाकीची अक्षरं कधी येणार. मी म्हणालो, दर सोमवारी तीन-तीन, दिवाळीपर्यंत पुष्कळ. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

पण त्या दुसऱ्या सोमवारी येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, श्रावणातलं आभाळ पुन्हा भरून आलं होतं, आणि अडीच मैल अनवाणी परतायचं होतं. मी भेटवही उघडली. त्यांच्या पानावर बारा भेटींची बारा घरं आखलेली. पहिलं भरलेलं, दुसरं आजचं. मी शाईची डबी पुढं केली आणि आजचा अंगठा झाल्यावर म्हणालो, आता इथं, आणि इथं, आणि इथं. नऊ घरं भरली. बारावं मोकळं सोडलं. पान अगदीच काठोकाठ भरलेलं दिसलं तर बाईंना शंका यायची. एवढी अक्कल मला होती, म्हणजे अक्कल नव्हती असंही म्हणता येत नाही.

एवढे अंगठे कशाला, असं तिनं विचारलंच. मी म्हणालो, शाई वाळून जाते हो, डबी एकदा उघडली की सगळे घेऊन टाकायचे असतात. तिनं अंगठ्याची शाई डोक्याच्या केसांना पुसली आणि पानाकडं पाहत म्हणाली, "मंग नऊ सोमवार येनार म्हना की तुमी."

मी हो म्हणालो. माझ्या लेखी ती भेट उरकल्याची खूण होती. तिच्या लेखी तो मी दिलेला शब्द होता. हे मला त्या वेळी कळलं नाही. कळलं असतं तरी काय फरक पडला असता, ते मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

पुढचे सोमवार मी फाट्यावरच्या हॉटेलात काढले. बाकीच्या अकरा घरी मी जात होतो. ओढ्याच्या अलीकडं माझा प्रामाणिकपणा शाबूत होता. सोमवारी मात्र चहा, भजी, रेडिओ, आणि टेबलावर भेटवही. अंगठे तयार होतेच, तारखा टाकायला वेळ लागत नव्हता. राहायचा शेरा. खरं तर "पाठ झाला" एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण सांगितलं ना, मला हौस होती. मी लिहिलं, "बालिकेस अक्षरांची विशेष गोडी." पुढच्या आठवड्यात, "बालिकेची स्मरणशक्ती विलक्षण." मग, "आज बालिकेने 'नळ' हा शब्द कोणाच्याही मदतीशिवाय वाचला." त्या आखाड्यापासून सर्वांत जवळचा नळ सात मैलांवर होता. सातव्या आठवड्यात ती चार ओळींचा धडा वाचू लागली. एकदा मजकूर कमी पडला म्हणून मी खाली जोडून दिलं, "मातेचा सहभाग अनुकरणीय." माझ्या नऊ शेऱ्यांतला तेवढा एक खरा होता, आणि तो मी भज्यांची दुसरी प्लेट येईपर्यंत वेळ जावा म्हणून लिहिला होता.

मध्ये पाऊस उघडला, चिखल वाळला, पण सवय वाळेना. दोनदा निघालोही. पण इतक्या दिवसांनी गेलो तर काय सांगायचं, हा प्रश्न ओढ्याच्या आधीच आडवा यायचा. जितके सोमवार चुकले तितका पुढचा सोमवार जड झाला.

महिन्याच्या बैठकीत बाई निवडक शेरे वाचून दाखवायच्या. दुसऱ्यांच्या वहीत असायचं, "पोर रडले. पुन्हा तेच." किंवा, "आई घरी नव्हती, पोर झोपलेले." आणि मग माझं पान. मी मान खाली घालून विनयानं ऐकायचो. एक जण मला बाहेर भेटून म्हणालाही, तू पोरांना नक्की काय खायला घालतोस. आश्विनातल्या बैठकीत बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, ही मुलगी मला पाहायचीच आहे, सोमवारी तुझ्याबरोबर येते. मी ओढ्याचं पाणी सांगितलं, साप सांगितले, परतीचा पाऊस सांगितला. त्यांनी शांतपणे विचारलं, "तू दर सोमवारी जातोस ना?"

रविवारी आधी जाऊन पोरीला थोडं तयार करावं म्हणून मी निघालो होतो. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. मी काठावर उभा राहून पाणी उतरायची वाट पाहिली आणि ते उतरलं नाही म्हणून परत आलो.

सोमवारी त्याच ओढ्यात बाईंनी चपला हातात घेतल्या, लुगड्याचा काठ खोचला आणि साठीला टेकलेल्या त्या बाई माझ्या आधी पलीकडं पोचल्या. छत्री माझ्याकडं होती. पलीकडं ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, आणि मला वाट सापडेना. एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्याच शेतात नेऊन मी त्यांना परत आणलं. पीक वाढलं की वाट बदलते, असं काहीतरी बोललो. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

आखाड्यावर पोचलो तर अंगण ताजं सारवलेलं. मधोमध हातभर जागा आणखी गुळगुळीत केलेली, शेजारी वाटीत ज्वारीचे दाणे, बसायला पोतं अंथरलेलं. पोरगी तेल लावून, वेणी घालून तयार. बाईंनी मला विचारलं, आपण येणार हे कळवलं होतंस का. मी नाही म्हणून मान हलवली. कळवणार कुणाच्या हाती? तेव्हा त्यांनी त्या बाईलाच विचारलं, आज काही आहे का घरी.

"सोमवार हाय ना आज," ती म्हणाली.

म्हणजे त्या नऊही सोमवारी ते अंगण असंच सारवलेलं होतं. मी फाट्यावर चहा पीत होतो त्या वेळी ते पोतं असंच अंथरलेलं होतं, आणि पोरगी तेल लावून वाटेकडं पाहत बसलेली होती. खुरपणीच्या दिवसांत तिनं हा वेळ कसा काढला असेल, देव जाणे. बाई रांजणापाशी पाय धूत होत्या तेवढ्यात ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बीमार होते का मास्तर? लई दिस झाले." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, हो, जरा तापच होता. आता बरं हाये ना, असं विचारून ती पोरीपाशी जाऊन बसली. नऊ आठवडे तिनं माझी वाट पाहिली होती, आणि वर माझ्या जिवाची काळजीही केली होती.

बाईंनी पत्ते काढले. पोरीनं क ओळखला, म ओळखला, र, ल, ब, एकेक करत पाचही ओळखले, आणि नुसते ओळखले नाहीत, दाण्यांनी मांडूनही दाखवले. मग च आला. पोरगी त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "हे अजून आलं न्हाई." त आला. "हे बी न्हाई आलं." दारावर कुणी ओळखीचं आलं का पाहून सांगावं, तसं ती सांगत होती. बाईंनी शेवटी तो चार ओळींचा धडा पुढं ठेवला. पोरीनं पानभर शोधून त्यातला प्रत्येक क, म, र, ल आणि ब बोटानं दाखवला आणि मग खुशीत माझ्याकडं पाहिलं.

बाईंनीही पाहिलं. वहीत बोट घालून ठेवलेलं. म्हणाल्या, हे काय आहे?

इथं खरं सांगायची जागा होती. कुणी घाई केली नव्हती, कुणी ओरडलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, पोरगी मंद आहे. शिकवलेलं डोक्यात राहत नाही. घरच्यांना बरं वाटावं म्हणून मी शेरे जरा वाढवून लिहिले." ज्या घरात कुणालाच वाचता येत नव्हतं त्या घरातल्यांना बरं वाटावं म्हणून मी शेरे लिहिले होते. आणि हे सगळं त्या पोरीच्या समोर, तिच्यापासून दोन हातांवर बसून.

पोरगी माझ्याकडं वळली. "मास्तर, मंद म्हंजी काय?"

तिच्या प्रश्नांना उत्तरं देण्यासाठीच मला तिथं पाठवलं होतं. मी जमिनीकडं पाहिलं. आई माझ्याकडं पाहत होती, आणि माझा ताप तिच्या डोळ्यांदेखत उतरत होता.

बाईंनी चष्मा पुसला. पण वहीत अकरा अंगठे होते, आणि अंगठ्यापुढं त्यांचाही इलाज नव्हता. त्या आईकडं वळून नीट समजावून सांगू लागल्या. अकरा पाठ झाले आणि पाच अक्षरं आली. असं लेकरू ओढत नेण्यात अर्थ नसतो. दिवाळीनंतर घरांची यादी नव्यानं होते, वाट पाहणारी घरं पुष्कळ आहेत. मुलगी सहाची झाली की शाळेत घाला, बघू. एवढं बोलून त्यांनी पेन्सिल काढली. वहीतल्या ह्या कुटुंबाच्या पानावर रेघ मारायची होती, आणि खाली कारण लिहायचं होतं. ते कारण मी नुकतंच पुरवलं होतं.

ती उठली. मला वाटलं चहा ठेवायला चालली, किंवा तोंड लपवायला. पण ती बाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, आजचं ऱ्हायलं ना, वही द्या. बाईंनी बारावं घर दाखवलं, शाईची डबी पुढं केली. तिनं डबी बाजूला सारली आणि बाईंच्या हातातली पेन्सिल मागून घेतली. मग वाकून, जीभ दातात धरून, सावकाश तिनं आपलं नाव लिहिलं. वेडंवाकडं, आखलेल्या घरातून बाहेर गेलेलं, पण पुरं.

बाईंनी विचारलं, मास्तरांनी शिकवलं? ती म्हणाली, न्हाई. मग तिनं सांगितलं. गावातल्या पिठाच्या गिरणीत डबे बदलू नयेत म्हणून गिरणीवाला डब्यावर खडूनं नाव घालायचा, नेहमी नवऱ्याचं. एकदा ती म्हणाली, माझं घाला. नाव पुसलं जाऊ नये म्हणून डोक्यावरचा डबा तसाच धरून ती अडीच मैल आली. दर आठवड्याला दळण, दर आठवड्याला नव्यानं घातलेलं नाव. ते बघून ती गिरवायची, आधी दाण्यांनी, मग कोळशानं. कशासाठी, असं बाईंनी विचारल्यावर म्हणाली, "मास्तर येतील तवा अंगठा द्यायची लाज वाटती. पोरगी बघती ना."

मग तिनं बाईंना आधीच्या अंगठ्यांच्या तारखा वाचायला सांगितल्या. बाईंनी वाचल्या, एकेक. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. ती ऐकत होती. शेवटची तारीख झाली तशी तिनं पानावर बोट ठेवलं.

"हे अंगठे येकाच दिवसाचे हायेत. शाई वाळती म्हनून घेतले. मास्तर आल्ते दोनदा. दोनदात पाच अक्षरं देऊन गेले, त्याच पाचावर आमी दोघी फिरून राह्यलो. पोरीला पाचीच्या पाची येतेत. मंग मंद कशी?"

तिचा आवाज चढला नव्हता. बरोबर हिशेब मांडावा तशी ती बोलली. बाईंनी मला विचारलं, खरं? मी हो म्हणालो.

नोकरी जाणार हे कळत होतं, पण ते मला जाळत नव्हतं. मला 'मंद' हा शब्द जाळत होता. आज मी म्हातारा झालो, बरीच लबाडी केली, बरीचशी विसरलो. पण एका पाच वर्षांच्या पोरीनं आपल्याला मिळालेलं सगळंच्या सगळं मांडून दाखवलं, आणि ते आणखी का मिळालं नाही ह्याचं कारण म्हणून मी तिचंच डोकं दाखवलं, हे कुणाला सांगताना मी नेहमी भज्यांपाशी जास्त वेळ थांबतो. लोक हसतात, आणि पुढचं मला घाईत उरकता येतं.

बाईंनी वही मांडीवर ओढून घेतली. कारणाच्या जागी लिहायचं राहिलं, रेघही मारायची राहिली. त्यांनी मला वहीपासून लांब, बैलांच्या गव्हाणीपाशी जाऊन बसायला सांगितलं, आणि तिथून मी ऐकलं की त्या माझा निकाल त्या बाईलाच विचारत आहेत. नवीन माणूस मिळायला संक्रांत उजाडेल. तोवर हाच आहे. ह्याला पाठवू का, की घर तोवर मोकळं ठेवू?

पुढं मी गेलो. दर सोमवारी, पोरगी शाळेत जाईपर्यंत, वहीत सही घेऊन. त्याचं मोठेपण काही नाही, जाणं हेच माझं काम होतं. चिखलातही गेलो, आणि तिनं एकदाही विचारलं नाही की मागं तुम्हाला नेमकं काय झालं होतं. जूनमध्ये पोरगी शाळेत बसली ती पहिल्या रांगेत, असं तिच्या गुरुजींकडून कळलं. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी गव्हाणीपाशी बसून मला इतकंच वाटत होतं की तिनं नको म्हणावं. ती नको म्हणाली असती तर मी सुटलो असतो.

तिनं आधी सांडलेले दाणे पोरीकडून वाटीत भरून घेतले. मग बाईंना म्हणाली, "येऊ द्या ह्यांनाच. मास्तर खोटे हायेत. पन पोरीला मास्तर कुटं शिकायचेत? अक्षरं शिकायचीत."